वर्गातील कृतिसंशोधन आणि सादरीकरणाधारित मूल्यमापन : एक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन व्यवहारात 'मूल्यमापन' आणि 'परीक्षा' हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक परीक्षा हे मूल्यमापनाचे केवळ एक साधन होय. विद्यार्थी काय जाणतो याबरोबरच जाणलेल्या गोष्टीचा उपयोग करून तो काय करू शकतो हे पाहावयाचे असेल, तर त्याला प्रत्यक्ष कृती करावयास लावून त्या कृतीचे निश्चित निकषांच्या आधारे निरीक्षण करावे लागते. यालाच प्रस्तुत लेखात सादरीकरणाधारित मूल्यमापन असे म्हटले आहे. विज्ञान शाखेतील प्रात्यक्षिक, संगीताच्या विद्यार्थ्याचे गायन, बी.एड.च्या छात्राध्यापकाचा सराव पाठ ही त्याची जुनी व परिचित रूपे होत. कला व वाणिज्य शाखांत मात्र ते तोंडी परीक्षा, प्रकल्प, निबंधवाचन अशा नावांनी येते आणि अंतर्गत गुणांच्या रकान्यात विसावते.

त्या रकान्यात पुढे काय होते हे आपण सर्वच जाणतो. सत्राच्या अखेरीस यादी समोर येते आणि २० पैकी १७, १८, पुन्हा १७ असे गुण भरले जातात. विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये ही त्यामागील भावना सद्हेतूचीच असते. तथापि सर्वांना जवळपास सारखेच मिळणाऱ्या या गुणांवरून कोणाविषयी काहीच कळत नाही. विद्यार्थ्याची सादरीकरणे अध्यापकाने स्वतःच्या वर्गाच्या संशोधनाची सामग्री म्हणून हाताळली, तरच त्यांवरील गुणांना अर्थ प्राप्त होतो. उलटपक्षी, अध्यापकाच्या वर्गसंशोधनालाही अशा सादरीकरणाइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अध्यापक-संशोधक : संकल्पनेची वाटचाल

'कृतिसंशोधन' ही संज्ञा रूढ होण्यास समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचा १९४६ मधील लेख कारणीभूत ठरला. त्या लेखाचा विषय शिक्षण नव्हता. अमेरिकेतील अल्पसंख्य समूहांचे प्रश्न हा होता. ज्या संशोधनातून केवळ पुस्तके निर्माण होतात ते अपुरे आहे, अशी त्यांची भूमिका होती. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कोरे यांनी १९५३ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही पद्धती शाळांच्या संदर्भात मांडली.

परंतु अध्यापकाला खऱ्या अर्थाने संशोधकाचे स्थान दिले ते ब्रिटनमधील लॉरेन्स स्टेनहाउस यांनी. १९६७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमाचा एक प्रकल्प सुरू झाला. युद्ध, दारिद्र्य, कुटुंब, वंशभेद अशा वादग्रस्त विषयांवर किशोरवयीन विद्यार्थ्यांनी चर्चा करावी आणि अध्यापकाने आपले मत न लादता तटस्थ अध्यक्षाची भूमिका घ्यावी, अशी त्याची रचना होती. येथे एक अवघड प्रश्न निर्माण झाला. आपण तटस्थ होतो की नाही, हे अध्यापकाला कसे कळणार? त्याचा स्वतःचा समज हा पुरावा होऊ शकत नाही. प्रत्यक्ष चर्चेचे ध्वनिमुद्रण ऐकले असता, विद्यार्थ्याच्या कोणत्या वाक्यावर आपण 'छान' म्हटले व कोणत्या वाक्यावर गप्प राहिलो, हे उघड होते. १९७५ मधील आपल्या ग्रंथात स्टेनहाउस यांनी यातून व्यापक सिद्धांत मांडला. कोणताही अभ्यासक्रम हा वर्गात पडताळून पाहावयाचा एक प्रस्ताव असतो आणि तो पडताळण्याचे काम अध्यापकाखेरीज कोणी करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे.

त्यांचे सहकारी जॉन एलियट यांनी सत्तरच्या दशकातील एका प्रकल्पात या विचाराला पद्धतीची जोड दिली. एकाच तासाविषयी अध्यापक, विद्यार्थी आणि त्रयस्थ निरीक्षक यांचे म्हणणे स्वतंत्रपणे घ्यावयाचे आणि तिन्ही समोरासमोर ठेवावयाचे, अशी ती त्रिकोणी पडताळणी होय. तिन्ही म्हणणी जुळली तर उत्तमच. मात्र जेथे ती जुळत नाहीत तेथूनच संशोधनाला सुरुवात होते.

आपल्याकडे कृतिसंशोधन बी.एड. अभ्यासक्रमात रुळले असले तरी त्याचा साचा ठरून गेला आहे. समस्या, उद्दिष्टे, गृहीतक, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी आणि अखेरीस 'उपाययोजना परिणामकारक ठरली' हा निष्कर्ष. उपाययोजना फसली, असे सांगणारा अहवाल प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

वीस गुणांचे प्रकरण

सादरीकरणावरील गुणांकडे आपली व्यवस्था कशी पाहते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेने पुरविले आहे. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेला व २० गुण शाळेतील तोंडी परीक्षेला असत. २०१८-१९ मध्ये नवा अभ्यासक्रम लागू होताना भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे हे अंतर्गत २० गुण रद्द झाले आणि लेखी परीक्षा १०० गुणांची झाली. त्याच वेळी भाषांसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी 'कृतिपत्रिका' आली. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ च्या परीक्षेचा तो ७७.१० टक्के लागला. पालक, शाळा व माध्यमे यांतून मोठी ओरड झाली आणि २०१९-२० पासून अंतर्गत गुण पुन्हा देण्यात आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. टाळेबंदीमुळे त्या वर्षी भूगोलाची परीक्षा न होता सरासरीने गुण दिले गेले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. तसेच २०१९ च्या घसरणीत नवा अभ्यासक्रम व नवे प्रश्नस्वरूप यांचाही वाटा असणार; ती सर्वस्वी २० गुणांच्या माथी मारता येणार नाही.

तथापि या वादात एक प्रश्न मागे पडला. ते २० गुण कशाचे होते? मुलांच्या बोलण्याचे व श्रवणाचे मापन त्यांतून होत होते काय? होत असेल तर ते काढणे अयोग्य होते, आणि होत नसेल तर ते परत आणून भाषाशिक्षणाचे काही साधले नाही. चर्चा झाली ती प्रामुख्याने निकालाची टक्केवारी आणि अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांशी अकरावी प्रवेशासाठी होणारी स्पर्धा यांची. 'कृतिपत्रिका' या नावाचेही तसेच. तीत स्मरणाऐवजी उपयोजनाला स्थान मिळाले हे स्वागतार्हच. परंतु कृती होते ती कागदावरच.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार करतानाच त्याचे निष्कर्ष बाह्य परीक्षेच्या गुणांत मिसळू नयेत, ते स्वतंत्रपणे दर्शवावेत, असे सुचविले होते. ही सूचना अंमलात आली असती तर अंतर्गत गुण निकाल उंचावण्याच्या कामी येते ना, आणि कदाचित त्यामुळेच ते अधिक प्रामाणिकपणे दिले गेले असते.

एका वर्गातील अनुभव

येथपासून प्रथमपुरुषी निवेदन करणे भाग आहे. स्वतःच्या वर्गाविषयी लिहिताना 'असे आढळून आले' या कर्तृहीन वाक्याचा आडोसा घेणे योग्य नव्हे.

द्वितीय वर्ष कला वर्गाला मराठी शिकविताना व्यावहारिक मराठीतील 'मुलाखत' या घटकासाठी मी तोंडी परीक्षेऐवजी एक कृती दिली. परिसरातील एखाद्या व्यवसायाची जाणकार व्यक्ती शोधावी, तिची मुलाखत मोबाइलवर मुद्रित करावी आणि वर्गात पाच मिनिटांत ती सादर करावी. विषयज्ञान, मांडणी, भाषाशुद्धी व आत्मविश्वास हे चार निकष ठरविले आणि प्रत्येकास ५ गुण ठेवले. अशी पदनिश्चयन श्रेणी आपल्यापैकी अनेकांनी वापरलेली असेल.

एका विद्यार्थिनीने ऊसतोडणीला जाणाऱ्या आपल्या मावशीची मुलाखत घेतली होती. 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर मजुरीचा हिशेब ज्याच्यावर होतो ते नवराबायकोचे जोडपे, हे तिने सांगितले तेव्हा वर्गातील काही मुले हसली व काही गप्प झाली. ती स्वतःच्या बोलीत बोलत होती. 'व्हतं', 'म्हनली', 'पानी' असे उच्चार येत होते. मी तिला ११ गुण दिले, त्यांत भाषाशुद्धीचे २. तिच्यानंतरच्या विद्यार्थ्याने बँकेतील एका कर्मचाऱ्याची मुलाखत प्रमाण भाषेत, न अडखळता सादर केली. त्याला १७ गुण दिले.

हे गुण यादीत गेले असते तर विषय तेथेच संपला असता. परंतु सर्व मूळ मुद्रणे माझ्याकडे जमा झाली होती आणि सुटीत ती ऐकताना मी अस्वस्थ झाले. बँकेच्या मुलाखतीत पाच प्रश्न होते व पाचही आधी लिहून नेलेले होते. कर्मचाऱ्याने मध्येच कर्ज थकल्यावर गावात फिरावे लागते असे म्हटले, त्यावर आमच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न वाचला, "आपले शिक्षण कोठे झाले?" याउलट मावशी 'उचल फिटली न्हाई' असे म्हणताच त्या मुलीने विचारले होते, "फिटली न्हाई हे कळतं कसं? हिशेब कोन लिहितं?" आणि नंतर, "तुला वाचता येत न्हाई, मग त्यो खरा कशावरून?" मुलाखत घेण्याचे कौशल्य ज्याला म्हणतात ते हेच होय. माझ्या चार निकषांत त्याला कोठेही जागा नव्हती.

त्याहून अप्रिय गोष्ट वर्गातील सादरीकरणाच्या मुद्रणात सापडली. ती मुलगी हिशेबाचा भाग सांगू लागली असता मध्येच माझा आवाज येतो, "पानी नाही, पाणी." त्यानंतर तिची वाक्ये आखूड होत जातात आणि हिशेबाचा भाग अर्धाच राहतो. बँकेच्या विद्यार्थ्याला मी एकदाही अडविलेले नाही. म्हणजे आत्मविश्वास या निकषाखाली मी तिला जे कमी गुण दिले, त्या कमतरतेस मीही काही अंशी कारण होते.

यानंतर मी त्रिकोणी पडताळणीचा अवलंब केला. इतिहास विभागातील एका सहकाऱ्याला माझे गुण न दाखविता काही मुद्रणे ऐकविली व गुण देण्यास सांगितले. ऊसतोडीच्या मुलाखतीला त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळच अधिक गुण दिले, कारण त्यांच्या दृष्टीने तो मौखिक इतिहासाचा चांगला नमुना होता. विद्यार्थ्यांना सादरीकरणाच्या वेळी लक्ष कशावर होते असे लेखी, निनावी विचारले. 'न आणि ण चुकू नये यावर', अशा आशयाची उत्तरे अनेकांनी दिली. पुढील प्रश्न काय विचारावा याकडे लक्ष होते असे लिहिणारे थोडेच.

पुढील सत्रात निकष बदलले. पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातून निघाला काय, व्यवसायातील शब्द ऐकणाऱ्यास कळतील असे उलगडले काय, मुलाखत देणाऱ्याचे म्हणणे विपर्यास न होता पोहोचले काय, आणि मांडणी. तिसऱ्या निकषासाठी दोन श्रोत्यांनी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावयाचे व ते मूळ मुद्रणाशी ताडून पाहावयाचे, असे ठरविले. प्रमाण भाषा मी सोडून दिलेली नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तिच्यासाठी स्वतंत्र कृती दिली. तीच मुलाखत वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीसाठी लिहून द्यावयाची. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा, हे कळणे हाही व्यावहारिक मराठीचाच भाग आहे.

या फेरीत सर्व काही सुधारले असे नाही. प्रश्नातून प्रश्न काढणे अनेकांना जमू लागले. काहींनी मात्र 'म्हणजे काय?' एवढा एकच उपप्रश्न प्रत्येक उत्तरानंतर यांत्रिकपणे विचारला, कारण त्याला गुण आहेत हे त्यांनी ओळखले होते. ती विद्यार्थिनी लेखी कृतीत अडखळली आणि तेथे तिला कमी गुण मिळाले. ते योग्यच होते असे मला आजही वाटते. मात्र आता तिला कशात मदत हवी आहे हे मला नेमके ठाऊक होते. ११ या आकड्यातून ते कधीच कळले नसते.

सप्रमाणता व विश्वसनीयता

सादरीकरणावरील गुण व्यक्तिनिष्ठ असतात, हा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मात्र लेखी परीक्षा वस्तुनिष्ठ असते या गृहीतकावर तो उभा असेल तर त्याचा पाया कच्चा आहे. डॅनियल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरांहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली असता तिला २८ पासून ९२ पर्यंत गुण मिळाले होते. विषय भूमितीचा होता, हे लक्षात घ्यावे.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिलेला वलय परिणामही येथे लागू पडतो. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील व्यक्तींना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांबाबत दिलेले श्रेयांक प्रमाणाबाहेर एकमेकांशी जुळत होते. एका बाबतीतला चांगला वा वाईट ग्रह इतर सर्व रकान्यांत उतरत होता. माझ्या यादीतही उच्चाराचे वलय विषयज्ञानापर्यंत पोहोचले होते. यावर एक साधा उपाय आहे. एकेका विद्यार्थ्याचे चारही रकाने एकदम न भरता, सर्व विद्यार्थ्यांचा एक निकष आधी पूर्ण करावा आणि नंतर दुसऱ्याकडे वळावे. मुद्रणे असल्यामुळे हे शक्य होते.

याहून महत्त्वाची बाब रिचर्ड शॅव्हेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ मधील अभ्यासातून पुढे आली. विज्ञानातील प्रयोगकृतींचे मूल्यमापन करताना गुणांतील तफावतीचे मोठे कारण परीक्षक बदलणे हे नसून कृती बदलणे हे असते, असे त्यांना आढळले. प्रशिक्षित परीक्षकांत बऱ्यापैकी एकमत होते. परंतु एका प्रयोगात उत्तम ठरलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रयोगात तसाच ठरेल याची शाश्वती नव्हती. याचा व्यावहारिक अर्थ असा की, सत्रअखेरीस एक भव्य प्रकल्प देऊन त्यावर २० गुण ठरविण्यापेक्षा तीन-चार लहान कृती वेगवेगळ्या वेळी देणे अधिक विश्वसनीय ठरते. आपल्या महाविद्यालयांत नेमके याच्या उलट घडते. मावशीऐवजी अपरिचित माणसाची मुलाखत घ्यावी लागली असती, तर त्या विद्यार्थिनीने तेवढेच नेमके प्रश्न विचारले असते काय, हे एका कृतीवरून सांगता येत नाही. म्हणून दुसरी कृती अपरिचित व्यक्तीची ठेवली. तेथे तिला पहिल्याइतके यश मिळाले नाही.

अडचणी

वर्गात ८० ते १०० विद्यार्थी असताना प्रत्येकाच्या तीन कृती ऐकणे अशक्य आहे, हे मान्यच करावे लागेल. यावर तडजोड म्हणून प्रत्येक कृतीच्या वेळी थोड्या विद्यार्थ्यांची मुद्रणे सविस्तर अभ्यासावी व इतरांसाठी पडताळा सूची वापरावी. संशोधनासाठी संपूर्ण वर्ग घेतलाच पाहिजे असे नाही. गुणदानासाठी मात्र निकष सर्वांना सारखेच लागू असले पाहिजेत. दोहोंतील हा फरक सांभाळणे कठीण जाते, हा स्वानुभव आहे.

नैतिक बाजू अधिक नाजूक आहे. जो अध्यापक गुण देतो तोच संशोधनासाठी संमती मागत असेल, तर विद्यार्थी नाही कसा म्हणणार? म्हणून मुद्रण संशोधनासाठी वापरण्याची परवानगी गुण जाहीर झाल्यानंतर मागावी, असे मी ठरविले. ज्यांची मुलाखत घेतली जाते त्यांचाही विचार आवश्यक आहे. उचल, मुकादम, हिशेब यांविषयी एखादी स्त्री आपल्या भाचीशी जे बोलते ते महाविद्यालयाच्या संगणकावर कायम राहावे, असे तिला वाटेलच असे नाही. ऊसतोडीच्या मुलाखतीचे मूळ मुद्रण त्या कुटुंबाच्या इच्छेनुसार नष्ट केले आहे. येथे दिलेला मजकूर त्यांच्या संमतीने, ओळख न देता दिला आहे.

राहिला प्रश्न संस्थात्मक मान्यतेचा. पदोन्नतीच्या मोजणीत प्रकाशित शोधनिबंधाला जे स्थान आहे ते स्वतःचा वर्ग सुधारणाऱ्या अध्यापकाच्या टिपणवहीला नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या भेटीसाठी अध्ययन निष्पत्तींचे तक्ते तयार होतात, परंतु त्यांतील आकडे बहुधा त्याच अंतर्गत गुणांतून आलेले असतात. मी स्वतः एम.फिल.साठी, ती पदवी अद्याप दिली जात होती तेव्हा, इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्या काळात माझ्याच वर्गात मी रोज चार तास उभी होते, आणि तेथे संशोधनासारखे काही आहे हे मला कोणी सांगितले नव्हते व सुचलेही नव्हते.

सध्या तिसरी फेरी सुरू आहे. या वेळी निकष वर्गाबरोबर बसून ठरविले आणि प्रत्येक मुद्रणाला मी व इतिहास विभागातील सहकारी स्वतंत्रपणे गुण देतो. पहिल्या तीन निकषांबाबत आमचे गुण आता बरेच जवळ येतात. 'मांडणी' या निकषावर मात्र मतभेद कायम आहे. त्यांना घटनांचा कालक्रम हवा असतो, तर एखाद्या प्रसंगापासून सुरुवात करून मागे जाणारी मांडणी मला अधिक गुणांची वाटते. सरासरी काढणे सोपे होते, परंतु तूर्त आम्ही दोघांचे गुण वेगवेगळे लिहून त्यांखाली कारणांसह विद्यार्थ्यांना दाखवितो.